डायपर रॅश : लाल सगळंच दिसतं, पण सगळं एक नसतं

लहान मुलांच्या डॉक्टरच्या फोनवर सर्वांत जास्त फोटो कशाचे येतात, सांगू? बाळाच्या कुल्ल्यांचे. रात्री साडेदहाला, ट्यूबलाइटच्या उजेडात, बाळ पाय झाडत असताना घाईघाईने काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ : "डॉक्टर, खूप लाल झालंय. कोणतं क्रीम लावू?"

अशा फोटोवरून मी सहसा क्रीमचं नाव सांगत नाही. त्याचा काही जणींना रागही येतो. "एवढंसं तर आहे, सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं त्यांना वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पोट दुखतंय म्हटल्यावर ते अपचन आहे की अपेंडिक्स, हे नुसत्या त्या शब्दावरून कळत नाही. "लाल झालंय" याचंही तसंच आहे. त्वचा ओलीने सोलवटली तरी लाल होते, बुरशी लागली तरी लाल होते, जंतू शिरले तरी लाल होते आणि एखादी वस्तू सोसली नाही तरी लालच होते. रंग एक, कारणं अनेक, आणि प्रत्येक कारणावरचा इलाज वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर काही वेळा नुसता उपयोग होत नाही, काही वेळा मात्र चांगलंच नुकसान होतं.

तुम्ही डॉक्टर व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा बघता आणि मी एकदा, तेही पाच-दहा मिनिटं. काय बघायचं हे तुम्हाला माहीत असेल, तर निम्मं निदान घरीच होतं.

आधी घडी उघडून बघा

बाळाला तपासताना मी सर्वांत आधी त्याची जांघ हलक्या हाताने उघडते आणि मांडीच्या घडीच्या आत बघते. बऱ्याच आयांना याचं आश्चर्य वाटतं. लाल तर बाहेर दिसतंय, मग या आत काय शोधतायत?

कारण सोपं आहे. डायपर किंवा लंगोट बाळाच्या फुगीर भागांना घासतो. कुल्ल्यांचा गोलवा, ओटीपोटाचा खालचा भाग, मांड्यांची आतली बाजू, मुलांमध्ये अंडकोषाची पिशवी आणि मुलींमध्ये शूच्या जागेचे बाहेरचे ओठ, हे सगळे फुगीर भाग. घडीच्या आतल्या त्वचेला ओलं कापड तितकंसं लागत नाही. त्यामुळे ओल आणि घर्षणाने झालेला साधा रॅश फुगीर भागावर असतो आणि घडीची रेष बरीचशी वाचलेली, तिच्या नेहमीच्या रंगाची असते. बुरशीला उलट अंधारी, दमट, उबदार जागा आवडते. ती घडीच्या तळाशी ठाण मांडते आणि तिथून बाहेर पसरते.

म्हणजे किती लाल आहे यापेक्षा कुठे लाल आहे हे जास्त बोलकं असतं. हा नियम शंभर टक्के चालत नाही. रॅश खूप वाढला की सगळं एकमेकांत मिसळतं. पण सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत तो फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या बाळांचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत तीच लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती गडद दिसते. तेव्हा रंग फसवत असेल तर त्वचा तापलेली, सुजलेली, चमकदार किंवा खरखरीत लागते का ते बघा आणि पुसताना बाळ कळवळतं का याकडे लक्ष द्या.

सर्वांत जास्त दिसणारा : ओलीचा साधा रॅश

दहापैकी बहुतेक बाळांना होतो तो हा. फुगीर भागावर लाली, त्वचा थोडी चकचकीत, कधी सोलवटल्यासारखी. शी झाल्यावर पुसताना बाळ रडतं, एरवी खेळतं.

हा कसा होतो, यामागे एक छोटा इतिहास आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या कूक या डॉक्टरांनी लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात हे दाखवलं आणि पुढची कित्येक वर्षं सगळा दोष अमोनियावर गेला. लंगोटाला येणारा तो उग्र वास आठवा, म्हणजे हे सगळ्यांना का पटलं ते कळेल. पण १९८० च्या दशकातल्या प्रयोगांतून चित्र थोडं बदललं. निरोगी त्वचेला एकटा अमोनिया फारसा भाजत नाही. खरी गडबड लघवी आणि शी एकत्र आल्यावर होते. त्वचेवर निसर्गतः एक हलका आम्लधर्मी थर असतो. अमोनियामुळे तो आम्लपणा कमी होतो. तो कमी झाला की शीमधली प्रथिनं आणि चरबी पचवणारी पाचक द्रव्यं जोमाने काम करू लागतात आणि अन्नाऐवजी त्वचाच पचवू लागतात. त्यात ओलीने त्वचा आधीच फुगून मऊ झालेली, आणि वरून डायपरचं घासणं.

एवढं समजलं की घरातले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. जुलाब लागल्यावर एका रात्रीत बाळ का सोलवटतं? पाचक द्रव्यं शीबरोबर भरभर खाली येतात म्हणून. सहाव्या महिन्यानंतर, वरचं खाणं सुरू झाल्यावर रॅश का वाढतो? शीचं स्वरूप बदलतं म्हणून. अंगावर पिणाऱ्या बाळांना त्रास तुलनेने कमी का? त्यांची शी जास्त आम्लधर्मी असते म्हणून. "दात येतायत म्हणून लाल झालंय" असं आजी म्हणतात. त्या दिवसांत बाळाला पातळ शी होत असेल तर रॅश त्या शीमुळे असतो, दात नुसते साक्षीदार.

या रॅशला औषधाची गरज क्वचितच लागते. कोरडेपणा आणि जाड थर, या दोन गोष्टींवर तो साधारण तीन दिवसांत उतरायला लागतो. न उतरला तर पुढे वाचा.

तीन दिवसांत न उतरणारा : बुरशीचा रॅश

साधा रॅश तीन-चार दिवस रेंगाळला की त्या ओल्या त्वचेवर कॅन्डिडा नावाची बुरशी बऱ्याचदा घर करते. ती बाळाच्या आतड्यात आधीपासून असतेच. तिला फक्त संधी हवी असते.

ओळखायच्या खुणा अशा. घडीच्या आत गडद, मांसासारखी लाली. कडा ठसठशीत, कधी कडेला पांढरट पापुद्रा. आणि मुख्य लालीपासून थोडं दूर सुटेसुटे लाल ठिपके किंवा बारीक पुटकुळ्या. मोठ्या गावाभोवती वाड्या-वस्त्या विखुरलेल्या असतात ना, तसं हे दिसतं. घडीतली लाली आणि या वाड्या-वस्त्या, दोन्ही एकत्र दिसल्या की बुरशीची शक्यता खूपच वाढते.

अशा वेळी मी दोन प्रश्न विचारते. गेल्या काही दिवसांत बाळाला अँटिबायोटिक दिलं होतं का? आणि तोंडात पांढरं दिसतं का? अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू कमी होतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. तोंडातलं पांढरं दुधाचं असेल तर ओल्या फडक्याने सहज निघतं. सहज निघत नसेल तर तीही बुरशीच. मग इलाज तोंडाला आणि खाली, दोन्हीकडे एकदम करावा लागतो. आईच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल तर तेही संकोच न करता सांगा. आईवर उपचार केले नाहीत तर बुरशी दोघांत येरझाऱ्या घालत राहते.

यावर बुरशीविरोधी साधं, एकाच औषधाचं मलम पुरतं. "एकाच औषधाचं" हे शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे बोलायचं आहे. आणि बरं दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

घडीत आहे, पण बाळ मजेत आहे

काही वेळा घड्या लाल असतात, पण बाळाला त्याचं सोयरसुतक नसतं. वय दीड-दोन महिने. लाली फिकट गुलाबी-नारिंगी, वर तेलकट पिवळसर पापुद्रे. अशा वेळी मी टोपी काढून डोकं बघते. टाळूवर खपल्यांचा थर, भुवयांत कोंडा, कानामागे आणि मानेच्या घडीत तशीच लाली दिसली की हा सेबोरिक डर्मटायटिस. नाव अवघड आहे, आजार सौम्य. खाज फारशी नसते आणि बहुतेक बाळांत काही महिन्यांत तो आपोआप जातो.

क्वचित बाळांना सोरायसिसही इथे होतो. कडा पेनने आखल्यासारख्या स्पष्ट, लाली गडद आणि कुठल्याच क्रीमला महिनोन्‌महिने दाद नाही. घरात कुणाला सोरायसिस असेल तर जरूर सांगा. उलट, ज्या बाळांना गालांवर आणि कोपर-गुडघ्यांवर एक्झिमा असतो, त्यांची डायपरखालची जागा बहुधा छान असते, कारण तिथे त्वचा कोरडी पडत नाही.

शीच्या जागेभोवती लाल कडं

हा प्रकार बऱ्याचदा निसटतो. शीच्या जागेभोवती दोन-तीन सेंटिमीटरचं लालभडक, रेषेने आखल्यासारखं कडं. आत शिवलं तरी बाळ दचकतं. शी करताना दुखतं म्हणून मूल शी दाबून धरतं, मग ती कडक होते, मग आणखी दुखतं, कधी रक्ताची रेघ दिसते. घरचे येतात ते बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन.

एक दोन वर्षांची मुलगी मला आठवते. तिला तीन आठवडे रेचक, मनुकांचं पाणी, एरंडेल, सगळं देऊन झालं होतं. डायपर काढल्यावर ते कडं समोरच होतं. तिथून घेतलेल्या स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकोकस जंतू निघाला, घशाला सूज आणतो तोच. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक सुरू केल्यावर काही दिवसांत ती न रडता शी करू लागली. या आजाराला वरून लावायचं मलम पुरत नाही, म्हणून तो ओळखू येणं महत्त्वाचं.

दुसरा जंतू स्टॅफिलोकोकस. त्याने पातळ सालीचे पाण्याचे किंवा पुवाचे फोड येतात. फुटले की गोल ओली जागा आणि मधाच्या रंगाची खपली राहते. एक महिन्याच्या आतल्या बाळाला असे फोड आले तर सकाळची वाट न बघता दाखवा.

बाकीचे पाहुणे, थोडक्यात

कमरेच्या इलॅस्टिकच्या किंवा मांडीच्या पट्ट्याच्या बरोबर रेषेत लाली असेल, किंवा नवे वाइप्स सुरू केल्यावर जिथे पुसता तिथेच लाल होत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. वाइप्समधला सुगंध आणि ते टिकवण्यासाठी घातलेली रसायनं हे नेहमीचे संशयित. वस्तू बंद करून एक-दोन आठवडे बघा.

उन्हाळ्यात डायपरच्या वरच्या कडेला बारीक ठिपके म्हणजे बहुधा घामोळ्या.

कुल्ल्यांवर पुरळ आणि त्याच वेळी तळहात, तळपाय, तोंडात लहान फोड, थोडा ताप आणि पाळणाघरात आणखी दोघा-तिघांना तेच, तर तो हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार.

रात्री खाज, बाळाच्या तळव्यांवर-काखेत-लघवीच्या जागी गाठीसारखे फोड आणि घरातले मोठेही खाजवतायत, तर ती खरूज. तिथे अख्ख्या घराने एकाच दिवशी उपचार घ्यावे लागतात.

आणि दोन गोष्टी रॅश नाहीतच. नवजात बाळाच्या लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसतो, तो लघवीतल्या युरेटच्या कणांचा. पहिल्या काही दिवसांत दिसतो आणि दूध नीट मिळू लागलं की जातो. त्यानंतरही दिसत राहिला तर बाळाला दूध पुरतंय का हे तपासून घ्या. कमरेवर-कुल्ल्यांवर निळसर-करडा चट्टा जन्मापासून असेल तर ती जन्मखूण, आपल्याकडे खूप बाळांना असते आणि वाढत्या वयात फिकी होते.

क्वचित, पण चुकवू नयेत असे दोन

शी-शूच्या जागी, तोंडाभोवती आणि हातापायांच्या बोटांवर एकाच वेळी सोलवटलेले, खपलीचे चट्टे. सोबत जुलाब, सतत किरकिर, केस विरळ होणं, वजन न वाढणं. हे चित्र झिंकच्या कमतरतेचं. काही बाळांत जन्मतःच आतड्यातून झिंक शोषलं जात नाही, आणि आईचं दूध बंद केलं की लक्षणं दिसू लागतात. कमी दिवसांच्या बाळांतही झिंक कमी पडू शकतं. अशा बाळांना आठवडेच्या आठवडे बुरशीचं मलम लावलं जातं आणि बाळ खंगत जातं. निदान झालं की पोटातून झिंक देतात आणि काही दिवसांत ते किरकिरं बाळ हसू लागतं. माझ्या कामातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या लवकर फळ देतात.

दुसरा, अगदी दुर्मीळ : लॅन्गरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. घडीत आणि टाळूवर लालसर-तपकिरी, खपलीचे ठिपके, त्यात बोटाने दाबूनही न जाणारे रक्ताचे बारीक बिंदू, आणि कुठल्याही उपचाराला दाद नाही. यासाठी त्वचेचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. घाबरवायला लिहीत नाही. पण "रॅशच तर आहे" म्हणून सहा-सहा महिने काढू नयेत, एवढ्यासाठी लिहिलं.

आता ते "सगळ्यावर चालणारं" मलम

हा सगळा लेख खरं तर या परिच्छेदांसाठी आहे.

औषधाच्या दुकानात "बाळाला लाल झालंय" असं सांगितलं की बऱ्याचदा एक ट्यूब हातात येते. तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात : एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची आणि एक तीव्र स्टेरॉइड. गोळी कुठेतरी लागेल म्हणून चार बंदुका एकदम चालवायच्या, असा तो प्रकार. स्टेरॉइडमुळे लाली दुसऱ्याच दिवशी उतरते, म्हणून घरात त्या ट्यूबचं नाव होतं. शेजारीण शेजारणीला सांगते. पण लाली उतरते तेव्हा बुरशी गेलेली नसते. स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतून पसरते. मलम थांबवलं की रॅश दुप्पट जोराने येतो, मग पुन्हा तेच मलम. आणि मी वर सांगितलेल्या घडीच्या, कडेच्या, ठिपक्यांच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. मग निदान करायचं तरी कशावरून?

यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे या जागची त्वचा पातळ असते, ती औषध फार वेगाने शोषते. त्यावर डायपर घट्ट बांधला की ते औषध जणू पट्टी बांधून आत ढकललं जातं.

पाच महिन्यांचं एक बाळ असंच लसीसाठी आलं होतं. गोबरे गाल, दुहेरी हनुवटी. आजी कौतुकाने म्हणाल्या, "बघा डॉक्टर, कसं गुटगुटीत झालंय." मी तक्ता मांडला. वजन भराभर वाढलं होतं, पण लांबी दोन महिन्यांत जवळजवळ थांबली होती. कपाळावर नेहमीपेक्षा जास्त लव होती. विचारत विचारत गेल्यावर पिशवीतून ट्यूब निघाली. सहा आठवडे, प्रत्येक डायपर बदलताना, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. त्यात क्लोबेटासॉल होतं, स्टेरॉइडमधलं सर्वांत तीव्र गटातलं. ते गाल बाळसं धरल्याचे नव्हते, औषधाने सुजलेले होते. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरत चाललं होतं. अशा वेळी औषध एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. हार्मोनतज्ज्ञांच्या सल्ल्याने, पोटातून औषध देत, हळूहळू कमी करावं लागलं. काही महिन्यांत बाळ पूर्ववत झालं. त्या आजींनी किंवा आईने काहीही वाकडं केलेलं नव्हतं. दुकानातून जे मिळालं ते त्यांनी मन लावून लावलं होतं. त्या ट्यूबवर "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये" असं छापलेलं होतं, इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत की मलाही चष्मा पुढेमागे करावा लागला.

म्हणून घरातली ट्यूब आत्ता काढा आणि तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते बाळाच्या या जागी स्वतःच्या मनाने लावू नका. नावांत गल्लत होऊ देऊ नका : क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं साधं औषध, क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड. सुरुवात सारखी, काम एकदम वेगळं. स्टेरॉइड मुळातच वाईट असं मात्र नाही. काही रॅशमध्ये आम्हीही सौम्य हायड्रोकॉर्टिसोन देतो, पण पातळ थर, मोजके दिवस आणि लक्ष ठेवून. बाळाला असं मलम बरेच आठवडे लावून झालं असेल तर लपवू नका. ट्यूब घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. कुणी रागावणार नाही.

घरी काय करायचं

हवा : दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं बाळाला उघडं खेळू द्या. खाली दुपटं आणि त्याखाली मेणकापड पुरे. शू होईल, होऊ द्या.

बदलणं : डायपर दर दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच बदला. रॅश असेपर्यंत रात्रीही एकदा. सुती लंगोट चांगलाच, पण ओला झाला की तो लगेच बदलायला हवा. त्यावर प्लॅस्टिकची चड्डी घालू नका. लंगोट धुताना साबणाचा अंश राहता कामा नये; एक पाणी जास्त काढा, जंतुनाशक द्रव घालू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात. तेव्हा इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करूनच वापरा.

स्वच्छता : कोमट पाणी आणि कापूस किंवा मऊ मलमल. घासू नका, टिपून घ्या. मुलींना पुढून मागे पुसा. सोललेल्या त्वचेवर डाळीचं पीठ, उटणं, हळद चोळू नका. अंगाला मालिश करा, पण इथे नको.

थर : झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली. कोरड्या त्वचेवर, प्रत्येक वेळी आणि भिंत लिंपावी तसा जाड थर. शी झाल्यावर वरचा घाण झालेला थर तेवढा काढा, खालचं पांढरं खरवडू नका. निघत नसेल तर खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा. निव्वळ खोबरेल तेल कोरड्या, न सोललेल्या त्वचेवर चालतं, पण लाली वाढली की ते अपुरं पडतं.

पावडर नको. ओलीत तिच्या गुठळ्या होतात, आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते. बोरिक पावडर तर अजिबात नको. सोललेल्या त्वचेतून ती शरीरात शोषली जाऊन बाळं दगावल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इतक्या झाल्या होत्या, की तिचा हा वापर वैद्यकाने सोडून दिला.

डॉक्टरांकडे कधी

- वरची काळजी घेऊन तीन दिवसांत उतार नाही
- ताप, पाण्याचे किंवा पुवाचे फोड, रक्त, खोल जखमा
- बाळ एक महिन्याच्या आतलं आहे आणि पुटकुळ्या किंवा फोड आले आहेत
- बाळ नीट पीत नाही, मलूल आहे किंवा शू करताना कळवळतं
- पुरळ डायपरच्या जागेबाहेर, तोंडाभोवती किंवा हातापायांवरही आहे
- दाबून न जाणारे जांभळे ठिपके
- वजन वाढत नाही, किंवा पुन्हा पुन्हा तोच रॅश येतो

येताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, वाइप्सचं पाकीट आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो आणा. त्या फोटोत मला कुल्ल्यांच्या जोडीला जांघेची उघडलेली घडीही दाखवा.

एक शेवटचं. रॅश बरा झाल्यावर ती जागा काही आठवडे आजूबाजूपेक्षा फिकट दिसते. "कोड तर नाही ना?" असं विचारताना आयांचा आवाज बदललेला असतो, कारण तोवर घरात कुणीतरी तो शब्द उच्चारलेला असतो. सूज येऊन गेलेल्या सावळ्या त्वचेवर असं होतंच. रंग हळूहळू परत येतो आणि त्यासाठी कुठलंही मलम लागत नाही. त्या फिकट डागावर लावायला म्हणून पुन्हा तीच ट्यूब कुणी पुढे केली, तर तेवढी मात्र घेऊ नका.